नाटकाची रात्र आणि दोन घड्याळे

धानाची मळणी आटोपून कोठ्या भरू लागल्या म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. गावोगावची मंडळे वडशाला जाऊन तेथील नाट्यसंस्थांच्या कार्यालयांत प्रयोगाची तारीख मुक्रर करतात, मंडईच्या वा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने घरे पाहुण्यांनी भरतात, आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेच्या सुमारास पडतो. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या वनप्रदेशातील परंपरेकडे दूरच्यांचेही लक्ष वळले. अशा नाटकाचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते जतन करू पाहणाऱ्यास मात्र एक अडचण हटकून येते: पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलतात आणि सूर मागाहून येतो, किंवा एकच ठोका दोनदा ऐकू येतो. संगणकावर ही तफावत दूर करण्याची साधने विपुल आहेत. परंतु ती यंत्रामुळे पडली की माणसामुळे, याचा निवाडा झाल्यावाचून कोणतीही दुरुस्ती सुरू करू नये.

पहिले कारण निव्वळ अंतराचे. हिवाळी रात्री, हवेचे तापमान १५ अंशांच्या आसपास असता, ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे रंगमंचापासून ३४ मीटरांवर, प्रेक्षकांच्या मागे उभ्या केलेल्या कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत तो पोहोचेतो सेकंदाचा दहावा भाग उलटलेला असतो. मिक्सरमधून तारेने घेतलेल्या मुद्रणात हा विलंब नसतो, आणि म्हणून दोन्ही एकत्र वाजविले की घुमल्याचा भास होतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणात हा फरक ४,८०० नमुन्यांचा. तेवढा ट्रॅक सरकविला की काम झाले. यासाठी प्रयोगापूर्वी रंगमंचावर एक खणखणीत टाळी वाजवून घ्यावी, म्हणजे दोन्ही ट्रॅकांवर तिचा उभा सुळका स्पष्ट दिसतो आणि जुळवणी नेमकी करता येते.

दुसरे कारण अधिक फसवे. प्रत्येक मुद्रणयंत्रात स्वतःचे स्फटिकी घड्याळ असते, आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. त्यांच्यात दशलक्षात २० इतकाच फरक धरला, तरी तासाला ७२ मिलिसेकंद आणि सहा तासांच्या नाटकाअखेर सुमारे ४३२ मिलिसेकंद इतकी फारकत होते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते हे ध्यानात घेतले, म्हणजे नांदीला बिनचूक जुळलेले ट्रॅक शेवटच्या पदापर्यंत जवळजवळ एका मात्रेने का दुरावतात, याचा उलगडा होतो. येथे एकदा सरकवून भागत नाही. प्रयोगाच्या अखेरीस दुसरी टाळी घ्यावी, दोन टाळ्यांमधील अवधीची दोन्ही यंत्रांत रुजुवात करावी आणि एक ट्रॅक त्या प्रमाणात ताणावा. इतक्या सूक्ष्म ताणाने स्वर बदलल्याचे कोणत्याही कानाला कळत नाही.

तिसरी तफावत माणसाची: गाणारा किंवा वाजविणारा लयीच्या किंचित पुढेमागे होतो. ती दूर करायची तर सूर न बदलता काळ ताणावा लागतो. पूर्वी फीत वेगाने फिरविली की लय वाढे, पण सूरही चढे. वेग सुमारे सहा टक्के वाढला की स्वर अर्ध्या सुराने वर जाई. १९६६ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी मांडलेल्या फेज व्होकोडर पद्धतीने काळ आणि सूर यांची ही जखडण सोडविण्याचा मार्ग दाखविला. आजचे सॉफ्टवेअर ठोक्यांच्या जागा ओळखून ठोके ग्रिडवर, म्हणजे समान अंतरावरच्या कालरेषांवर, एका कळीसरशी नेऊन बसविते. गायकाचा लांब स्वर हा ताण बऱ्यापैकी सोसतो. तबल्याच्या ठोक्याची धार मात्र त्यात बोथट होते. म्हणून आघाताच्या किंचित आधी कापून तुकडा जसाच्या तसा सरकवावा आणि सांध्यावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असता दुसरा उमटण्याची जोड, द्यावा, हे बरे.

रंगमंचावरील मुद्रणात आणखी एक बंधन असते. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड यांचा आवाज गायकाच्या माइकमध्येही शिरलेला असल्याने एकटा गायनाचा ट्रॅक सरकविला की त्यातली वाद्ये मूळ वाद्यांशी भांडू लागतात; सरकवायचे तर सर्व ट्रॅक एकाच जागी कापून एकत्रच सरकवावे लागतात. शिवाय ग्रिड गृहीत धरते ती अचल लय, आणि झाडीपट्टीच्या पदात, दंडारीत किंवा गडचिरोलीच्या रेला गीतांत नाचणाऱ्यांच्या पावलांबरोबर आणि प्रेक्षकांच्या दादेबरोबर लय चढत जाते. ती चढण सपाट केली तर मुद्रण निर्दोष होईल, पण त्या रात्रीचा प्रयोग त्यात उरणार नाही. तेव्हा कलावंतांना ग्रिडवर बसविण्याऐवजी प्रत्येक आवर्तनाच्या समेवर खूण करून ग्रिडलाच त्यांच्यामागे चालावयास लावावे. तशी तजवीज बहुतेक सॉफ्टवेअरांत असते.

अंतराची आणि घड्याळांची चूक शेवटच्या नमुन्यापर्यंत दुरुस्त करावी, कारण ती कोणाही कलावंताची नव्हे. लयीला हात लावण्यापूर्वी मात्र त्या प्रयोगात वाजविणाऱ्या तबलजीला जवळ बसवून घ्यावे, संगणकाचा पडदा बंद करून नुसते ऐकावे आणि त्याला खटकेल तेवढेच बदलावे. मूळ मुद्रण अस्पर्शित ठेवून प्रत्येक फेरफाराची नोंद त्या मुद्रणाच्या दप्तरी जोडली, तर आजचा निवाडा चुकला असला तरी उद्याच्या जाणकाराला तो फिरविता येईल.