रेडिएटरमध्ये ऑइल दिसलं? हेड उतरवण्याआधी हे तपासा



आपल्या धंद्यात होडी आणि जाळ्याइतकीच महत्त्वाची असते ती मासळी बाजारात नेणारी गाडी. कारंजा धरणाची किंवा मांजरा काठची रोहू-कटला पहाटे बर्फात भरली, की ती उन्हं चढायच्या आत पोचली पाहिजे. बिदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर. वाटेत गाडी गरम होऊन उभी राहिली तर बर्फही जातो आणि भावही जातो. म्हणून आज गाडीच्या एका दुखण्याबद्दल सविस्तर लिहितोय. मैलूर असो, भालकी असो की हुमनाबाद, गॅरेजमध्ये याला एकच नाव आहे: "ऑइल-पाणी एक झालं."

हे ऐकलं की पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "हेड उतरवावं लागेल." कधी ते खरं असतं. पण प्रत्येक वेळी नाही. हेडचं काम म्हणजे मोठा खर्च आणि गाडी काही दिवस उभी. म्हणून आधी क्रमाने तपासणी करून घ्यायची.

पहिली गोष्ट: ते खरंच ऑइल आहे का?

गाडी पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. बिदर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. बंद झाकणाच्या दाबामुळे गाडीतलं पाणी ११५ अंशांच्या पुढेही न उकळता राहू शकतं. झाकण काढलं की दाब सुटतो, आणि तेच पाणी वाफ होऊन थेट तोंडावर येतं.

आत चहाच्या सायीसारखा, चॉकलेटी किंवा करडा, चिकट थर दिसला तर संशय घ्या. तरी एक साधी परीक्षा करा. वाटीभर स्वच्छ पाण्यात तो थोडा टाका. ऑइल असेल तर वर तरंगेल, रंगीत तवंग धरेल, बोटांना बुळबुळीत लागेल. गंज असेल तर तळाला बसेल. दोन वेगळ्या जातीचे कूलंट एकत्र झाले किंवा गळती बंद करायची पावडर कुणी टाकली असेल, तरीही तपकिरी गाळ होतो. तो ऑइल नव्हे.

ऑइल पाण्यात का जातं?

इंजिनात ऑइलची वाट वेगळी आणि पाण्याची वाट वेगळी. चालू गाडीत ऑइलचा दाब साधारण २ ते ४ बार असतो, पाण्याचा १ बारच्या आसपास. मधला पडदा कुठे फाटला तर जास्त दाबाचं ऑइल पाण्यात घुसतं. गाडी बंद केली की ऑइलचा दाब लगेच शून्य होतो, पण गरम पाण्याचा दाब काही वेळ राहतो. तेव्हा उलटं होऊन पाणी ऑइलमध्ये जाऊ शकतं.

हा पडदा मुख्यतः तीन ठिकाणी फाटतो.

१. ऑइल कूलर. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये ऑइल थंड करायला एक छोटा डबा असतो. त्यात पातळ पत्र्याच्या एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने पाणी फिरतं. तो पत्रा सडतो किंवा त्याची रबरी ओ-रिंग कडक होऊन फाटते.

२. हेड गॅस्केट. ऑइलचं भोक आणि पाण्याचं भोक यांच्या मधली जागा जळते.

३. हेडला किंवा ब्लॉकला चीर. गाडी फार गरम झाल्यावर त्यात एकदम थंड पाणी ओतलं तर हे हमखास ओढवून घेतो.

ऑटोमॅटिक गिअरच्या कारमध्ये चौथी जागाही असते. गिअर ऑइलचा कूलर अनेकदा रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला तर गाळ गुलाबीसर दिसतो. तेव्हा इंजिन खोलण्यात काही अर्थ नाही.

ओळखायचं कसं?

इंजिन ऑइलची काडी ओढून बघा. रेडिएटरमध्ये ऑइल आहे, काडीवरचं ऑइल मात्र स्वच्छ आहे, गाडी पांढरा धूर सोडत नाही आणि पिकअपही ठीक आहे, तर पहिला संशय ऑइल कूलरवर घ्या. हेड गॅस्केटनेही असं होऊ शकतं. पण कूलर बाहेरून सुटतो, तपासायला स्वस्त पडतो, म्हणून त्याची पाळी आधी.

थंड गाडी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, टाकीत सतत बुडबुडे आले, गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल, पाणी रोज कमी होत असेल, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. तिथे गॅस्केट किंवा चीर धरून चाला. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. शेजारच्या दोन सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन कमी आलं तर मधलं गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नका. थंडीत गाडी जवळजवळच फिरली तर दमटपणामुळेही तो येतो. काडी स्वच्छ असेल आणि पाणी कमी होत नसेल तर नुसतं लक्ष ठेवा.

ऑइल कूलरची तपासणी पंक्चरवाल्याच्या ट्यूबसारखीच. कूलर काढा, पाण्याच्या बाजूची भोकं उघडी ठेवा, ऑइलच्या बाजूने मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाची हवा भरा आणि कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवा. बुडबुडे आले की दोषी सापडला. बुडबुडे आले नाहीत तरी ओ-रिंग नीट बघा. तिथेही सगळं ठीक असेल तरच हेडला हात लावायचा. काही छोट्या गाड्यांना असा पाण्याचा ऑइल कूलर नसतोच. आपल्या गाडीला आहे का, हे मिस्त्रीला आधी विचारा.

दुरुस्ती: आधी गळती, मग धुणं

कूलर फुटला असेल तर झाळ मारून काम चालवू नका, नवा बसवा, ओ-रिंगही नव्या घाला. हेड उतरलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने ते वाकलंय का बघून घ्या, चिरेसाठी प्रेशर टेस्ट करा, गरज असेल तरच फेसिंग. बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने आणि मॅन्युअलच्या क्रमानेच आवळायचे. अनेक इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही, आणि क्रँक गेला की सगळं इंजिन काम निघतं. दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, थोडं चालवून पुन्हा एकदा बदला.

यानंतर येतं ते काम जे घाईत अर्धवट राहतं: धुणं. थर्मोस्टॅट काढा. पाण्यात कूलिंग सिस्टिमचं फ्लश किंवा कमी फेसाचं डिटर्जंट घाला. हीटर पूर्ण चालू ठेवून गाडी गरम होऊ द्या, बंद करून जरा निवू द्या, मग पाणी सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चार-पाच वेळा, कधी त्याहून जास्त करावं लागतं. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल आत घालू नका, रबर जातं आणि आगीचा धोका राहतो. ऑइल लागलेले होज पाइप फुगून मऊ होतात, दाबून बघा आणि बदला. झाकण आणि थर्मोस्टॅटही बदललेले बरे. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट डब्यावरच्या प्रमाणात भरा, हवा काढा. शंभर किलोमीटरनंतर थंड गाडीचं झाकण उघडून बघा, पाचशेनंतर पुन्हा बघा. थोडा तवंग जुना असू शकतो, पण वाढत असेल तर गळती अजून आहे.

किनाऱ्यावरच्या बोट मालकांसाठी

मालवण-रत्नागिरीकडच्या इनबोर्ड इंजिनाला हेच दुखणं होतं, लक्षण मात्र वेगळं. जिथे ऑइल कूलरमधून थेट खारं पाणी फिरतं, तिथे फुटल्यावर टाकीत काहीच दिसत नाही. ऑइल रोज कमी होतं आणि बोटीमागे पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. इंजिन बंद केल्यावर खारं पाणी ऑइलमध्ये शिरलं तर गंज फार वेगाने चढतो. कूलरमधला जस्ताचा तुकडा वेळेवर बदला. तो स्वतः झिजून कूलरचा धातू वाचवतो.

धुतलेलं पाणी कुठे टाकायचं?

नाल्यात नाही, आणि धरणाच्या काठावर तर मुळीच नाही. कूलंटमधलं ग्लायकोल विषारी असतं. ते चवीला गोड असतं; कुत्री-मांजरं ते पितात आणि मरतात. ऑइल पाण्यात गेलं की मासळीला त्याचा वास धरतो, आणि वासाची मासळी कुणी घेत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवून अधिकृत रिसायकलिंगवाल्याकडेच जाईल असं बघा. गॅरेजवाल्यालाही विचारा, "भाऊ, हे पाणी कुठे सोडता?" कारंजा नदी मांजराला मिळते. वर सोडलेलं खाली आपल्याच जाळ्यात येतं.

गाडी चालवणाऱ्या पोराला हे आजच वाचून दाखवा. महिन्यातून एकदा, थंड गाडीचं झाकण आणि ऑइलची काडी. पाच मिनिटांचं काम आहे.