पार्टी यायच्या आधी

डोंबिवलीचं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके, मोझॅकच्या फरशीचं. आई माझ्याकडे आली तेव्हापासून दीड वर्ष बंदच होतं. विकायचं ठरल्यावर एजंट बघायला आला आणि उंबऱ्यातच म्हणाला, "ताई, आधी वास घालवा."

वास गटाराचा होता. मोरीच्या जाळीखाली ट्रॅप असतो. त्यात साठलेलं पाणी खालची घाण हवा वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की ते पाणी आटतं. जाळ्यांमध्ये दोन-दोन तांबे पाणी ओतलं, खिडक्या सताड उघडल्या, संध्याकाळी वास गायब. इतका स्वस्त उपाय त्यानंतर एकही निघाला नाही.

मग सामान. मी सगळंच काढायला निघाले होते, पण एजंटने दिवाणाला हात लावू दिला नाही. "रिकामं घर लहान दिसतं हो. दिवाण असला की पार्टीला कळतं, इथे माणूस झोपतो आणि बाजूने चालायलाही जागा उरते." लोखंडी कपाट मात्र गेलं. ग्रिलमधल्या, उजेड अडवणाऱ्या कुंड्या गेल्या. माळ्यावरून वेष्टनही न काढलेला लेमन सेट निघाला. तो कुणाच्या लग्नातला, यावर आईने अर्धा तास घालवला.

स्विचबोर्डभोवतीचा काळपट डाग मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. आता त्याखेरीज काही दिसेना. साबणाच्या फडक्याने पुसून काढला, तर तिथली भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरी झाली. म्हणजे रंग आला.

आणि रंग म्हटला की बेडरूमचा कोपरा आला. वर शेजाऱ्यांची मोरी, खाली आमची ओल. दर पावसाळ्यात नव्हे, बारा महिने. पेंटर म्हणाला, पोपडे खरवडू, पुट्टीचे दोन हात, प्रायमर, वर रंग, चार दिवसांत चकाचक. एजंटने तर तिथे कॅलेंडर लावायला सुचवलं. मी प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. दुसऱ्या दिवशी थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या अंगाला होते. ते बाहेरच्या अंगाला असते तर दमट हवेवर भागलं असतं. अशा भिंतीवर पुट्टी मारणं म्हणजे तापलेल्या अंगावर पावडर लावणं. आतला क्षार पाण्याबरोबर बाहेर येतो आणि रंगाला ढकलतो. वरच्यांशी बोलले. त्यांनी मोरीची लादी उखडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. भिंत वाळायला मात्र दोन महिने सोडावे लागले. एजंट रोज फोन करून सुस्कारे टाकायचा.

तेवढ्यात कागद. शेअर सर्टिफिकेट अजून बाबांच्या नावावर. आई नॉमिनी होती, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांच्या सह्या, सोसायटीचे फॉर्म, सगळं आलं. महापालिका हद्दीत सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये घेऊ शकते, हेही मला त्याच खटपटीत कळलं.

पहिली पार्टी रविवारी सकाळी दहाला बोलावली. त्या वेळी पूर्वेचं ऊन हॉलमध्ये फरशीभर पसरतं. मुलगा मोबाइलवर होकायंत्र काढून दिशा बघत होता, सून सिंकचा नळ सोडून धार बघत होती. त्यांच्याबरोबरच्या आजी काही न बोलता सरळ बेडरूममध्ये गेल्या आणि नेमका त्याच कोपऱ्यावर तळवा ठेवला.

एजंट माझ्याकडे बघू लागला. मी सांगून टाकलं, इथे ओल होती, वरून काम करून घेतलंय.

आजींनी हात काढला, आईकडे वळल्या. "वरचे भांडखोर आहेत का?"

"नाही हो," आई म्हणाली. "फक्त शनिवारी गोधड्या धुतात."