खूण सापडली, पण पारखली का?

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे दोन रुग्ण. गाठ सारखीच, अवस्थाही तीच. तरी शस्त्रक्रियेनंतर एकाचा रोग उलटतो, दुसऱ्याचा नाही. हे आधी ओळखण्यासाठी गाठीतील जनुकांत व प्रथिनांत खुणा शोधतात. त्यांना जैवचिन्हके म्हणतात.

वर्गातील ४० मुलांनी पाच-पाच वेळा नाणे उडवले, तर एखाद्याला पाचही वेळा छापा पडतो. म्हणून त्याचे नाणे खोटे ठरत नाही. हजारो जनुके तपासली की काही अशीच योगायोगाने रोगाशी जुळतात. त्या मुलाला पुन्हा नाणे उडवायला सांगावे, तशी प्रत्येक खूण नव्या रुग्णांवर पारखावी लागते.

ईआरसीसी-१ हे प्रथिन डीएनएची दुरुस्ती करते. सिस्प्लॅटिन हे औषध कर्कपेशींचा डीएनए बिघडवते. म्हणजे हे प्रथिन नसलेल्या गाठींवर औषध लागू पडावे. २००६ साली ७६१ गाठींच्या अभ्यासात तसेच दिसले. २०१३ साली मात्र दुसऱ्या ४९४ रुग्णांच्या नमुन्यांत हा संबंध आढळला नाही. जुने नमुने पुन्हा तपासले, तर त्यांचेही निकाल बदलले! प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड पूर्वीसारखे वागत नसावे, असा निष्कर्ष निघाला. शिवाय या प्रथिनाची रूपे चार, त्यांतले कामाचे एकच. आणि बाजारातील १६ प्रतिपिंडांपैकी एकालाही ते वेगळे ओळखता येईना.

तर्क सुसंगत होता. मोजमाप डळमळीत होते. अशा खुणेवरून औषध नाकारले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.