तांदळातले नाव, पासपोर्टातले नाव

माप ओलांडून नवी सून घरात आली की तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहितात. मिनिटभराचे काम. नवऱ्याने नाव गिरवायचे, कुणा आत्याबाईंनी ते मोठ्याने वाचायचे, पेढा तोंडात घालायचा, की माहेरची एक मुलगी संपली आणि सासरची एक सून जन्माला आली! त्या ताटाची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात होत नाही, आणि आपल्या पिढ्यान् पिढ्यांचे त्यावाचून काही अडलेही नाही. अडते ते आता. मुलगी नवऱ्याकडे परदेशी जायला निघते तेव्हा.

मी सांगलीतल्या एका शाळेत एकतीस वर्षे कारकुनी केली, शेवटची काही वर्षे हेडक्लार्क म्हणून. जनरल रजिस्टर आणि शाळा सोडल्याचे दाखले यांतच हयात गेली. निवृत्त झालो तरी गल्लीतले लोक ‘अण्णा, एवढे कागद बघता का?’ म्हणत येतात. पूर्वी ते जातीच्या दाखल्यासाठी, नाहीतर पेन्शनच्या फॉर्मसाठी येत. हल्ली येतात ते मुलीच्या व्हिसासाठी. यात नवल नाही. आमच्याकडे १९४७ पासून इंजिनीअर घडवणारे वालचंद कॉलेज आहे आणि मिरजेला दवाखान्यांची आणि नर्सेसची जुनी परंपरा आहे. मुले बाहेर जाणारच आणि लग्नाला मात्र गावाकडे येणार. तीन आठवड्यांची रजा, त्यात पाहण्याचे कार्यक्रम, साखरपुडा, लग्न, जेजुरी नाहीतर नरसोबाची वाडी, आणि परतीचे विमान. मुलगी मागे राहते ती ‘व्हिसा आला की जाईल’ या एका वाक्यावर.

ते वाक्य किती महिन्यांचे असते, हे लग्न ठरवताना कुणी विचारत नाही. आमच्याकडे छत्तीसपैकी किती गुण जुळले याची चौकशी होते, मुलाच्या पगाराची होते, घर भाड्याचे की स्वतःचे याचीही होते. पण ‘जावईबापू, तुम्ही तिथे कोणत्या कागदावर राहता?’ एवढे विचारायला वधुपित्याची जीभ रेटत नाही. आणि सगळी गोम तिथेच आहे. मुलगा अमेरिकेत एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर बायकोला एच-४ व्हिसा तुलनेने लवकर मिळतो. पण तिला नोकरीची मुभा नसते. (२०१५ पासून काही जणींना ती मिळू लागली, तीसुद्धा नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेला असेल तरच.) मुलगा अमेरिकी नागरिक असेल, तर बायकोच्या व्हिसाला वर्षाकाठच्या संख्येची मर्यादा नाही, जातो तो वेळ कागद तपासण्यात. आणि मुलगा ग्रीन कार्डवाला असेल, तर मात्र बायकांच्या रांगेला दरसालची मर्यादा आहे. म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा मुलगा बायकोला लवकर नेतो आणि कायम राहायचा परवाना मिळालेला मुलगा वाट बघत बसतो! नव्वदच्या दशकात ही रांग इतकी लांबली होती, की तीन-तीन वर्षे ताटकळलेल्यांसाठी अमेरिकेला २००० साली कायदा करून वेगळा ‘व्ही’ व्हिसा काढावा लागला. तेव्हा जाणती मुले ग्रीन कार्ड हातात पडायच्या आधीच लग्न उरकून घेत. आमच्या मंडळींना मात्र ‘ग्रीन कार्ड’ हा शब्द ऐकूनच हर्ष होई.

माझ्या पुतणीचे लग्न डिसेंबर २०२१ मध्ये झाले. मुलगा वालचंदचाच, आता अमेरिकी नागरिक. सासर तासगावचे, द्राक्षबागाईतदार. मी सुरुवातीलाच हट्ट धरला, की मुलगा विमानात बसण्यापूर्वी लग्नाची नोंदणी झालीच पाहिजे. आपल्या राज्यात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. दोघांनी समक्ष जायचे, तीन साक्षीदार न्यायचे, लग्न लावणाऱ्या भटजींची सही आणायची. आमचे भटजी लग्नसराईत तीन गावे फिरत होते. त्यांना मोटारसायकलवर गाठून सही घेतली तेव्हा ते म्हणाले, “अण्णा, आजवर माझ्या मंत्रांवर कुणी पावती मागितली नव्हती.”

लग्नपत्रिकेचे इंग्रजी भाषांतर हा आणखी एक प्रकार. पत्रिकेत मुलीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ होते. भाषांतर करणाऱ्याने ती आद्याक्षरे समजून ‘सी. एस. के.’ अशी नावाला जोडून टाकली. पासपोर्टात एक नाव, पत्रिकेत तीन आद्याक्षरे वाढलेली. सौभाग्यकांक्षिणी ही कोण वेगळीच बाई, असे पलीकडच्याला वाटले असते तर त्याचा काय दोष? ते भाषांतर मी पुन्हा करून घेतले.

पण खरी अडचण निघाली जन्माच्या दाखल्यात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. माझ्या भावजयीचे माहेर अथणी तालुक्यातले; मिरजेहून दीड-दोन तासांचा रस्ता, पण राज्य दुसरे आणि लिपी दुसरी. पोरगी जन्मली तिथे, वाढली सांगलीत. दाखला आला तो हाताने लिहिलेला, कानडीत. त्यात मुलीचे नावच नव्हते, नुसते लिंग ‘स्त्री’. बारसे व्हायच्या आधी नोंद झाली की असे होते. पुढे नाव घालून घ्यायचे असते, पण कोण जातो? आईचे नाव होते ते माहेरचे, तिच्या वडिलांच्या नावासकट. म्हणजे अमेरिकेतल्या कुणा कारकुनाने (तोही माझ्यासारखाच एक कारकून, मला त्याचा राग येत नाही) पाहिले ते असे: एका बिननावाच्या मुलीचा दाखला, तिची आई भलत्याच नावाची, आणि अर्ज करणारी तिसरीच कोणी. कागद परत आले. चार महिने गेले.

नाव घालण्यासाठी कायद्यात पंधरा वर्षांची मुदत होती, ती केव्हाच उलटलेली. मग दुय्यम पुरावा उभा केला. मूळ नोंद जशीच्या तशी, तिचे भाषांतर, शाळा सोडल्याचा दाखला, आणि आई-वडिलांची स्वतंत्र प्रतिज्ञापत्रे, ज्यांत आईची दोन्ही नावे एकाच बाईची असल्याचे शपथेवर सांगितलेले. हा मार्ग तिथे मान्य आहे आणि तो आधी ठाऊक असेल तर महिने वाचतात. मिरजेत कानडी जाणणारी माणसे पैशाला पासरी, ही त्यातली आमची सोय.

या सगळ्यात मुलगी कुठे होती? मला सांगायचे आहे ते हेच. तिने नोकरी सोडली होती, कारण व्हिसा ‘केव्हाही’ येणार होता. पहिली संक्रांत आली तेव्हा नवरा आठवड्यापूर्वीच परतलेला. काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालून ती फोनच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिली आणि तिकडे त्याची पहाट होत होती. सासरी राहावे तर नवरा नाही, माहेरी राहावे तर लोक विचारतात. महिना तासगाव, महिना सांगली अशी ती पिशवी घेऊन फिरत राहिली. हळदीकुंकवाला बायका विचारीत, ‘अगं, अजून इथंच?’ दुसरी संक्रांत आली तरी ती इथेच होती. तेव्हापासून तिने हळदीकुंकवाला जाणे बंद केले. विहीणबाई स्वभावाने चांगल्या, तरी एकदा बोलून गेल्या, “तुमच्या कागदांपायी माझा मुलगा एकटा जेवतोय.” दाखला अथणीचा, नियम अमेरिकेचा, आणि बोलणी खायची पोरीने!

मुंबईच्या दोन खेपा महालक्ष्मी एक्स्प्रेसने झाल्या, एक वैद्यकीय तपासणीची आणि एक मुलाखतीची. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत अर्जदाराखेरीज कुणाला घेत नाहीत. आम्ही बाहेर रस्त्यावर. मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. “तुम्ही दोघे कसे भेटलात?” या प्रश्नाला तिने सरळ सांगितले: मावशीने स्थळ आणले, एका रविवारी पाहायला आले, बुधवारी होकार आला, अकराव्या दिवशी लग्न. त्या बाईंनी वर पाहिले आणि विचारले, “लग्नाला माणसे किती होती?” “सातशे.” त्या हसल्या म्हणे.

हसल्या, म्हणून बरे. आपल्या चालीच्या लग्नाकडे परक्या दप्तराने नेहमी हसून पाहिलेले नाही. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी, नवऱ्याकडे निघालेल्या मरियमबाई नावाच्या हिंदी स्त्रीला प्रवेश नाकारला तो याच मुद्द्यावर. ज्या धर्मात एकाहून अधिक बायकांना मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न तिथल्या कायद्याला लग्न वाटत नव्हते. एका निकालाने तिथल्या हजारो हिंदू, मुसलमान, पारशी बायका ‘बायको’ या पदावरून उतरल्या. आपले नामदार गोखले, कोल्हापुरात शिकलेले, आदल्याच वर्षाच्या अखेरीस तो देश फिरून आले होते. गांधीजींच्या सत्याग्रहात बायका उतरल्या त्या या निकालानंतर. कस्तुरबांना सप्टेंबर १९१३ मध्ये तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९१४ च्या कायद्याने अखेर एका पुरुषाच्या एका बायकोला मान्यता मिळाली. लग्नाच्या पुराव्यासाठी बायका तुरुंगात गेल्या, हे आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीतही मी वाचलेले नाही.

पुढचेही फार सुखाचे नाही. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरेच अविवाहित आहे का हे ठरवण्यासाठी, अत्यंत अपमानास्पद शारीरिक तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर ती प्रथा थांबली. मग ऐंशीच्या दशकात तिथे ‘मुख्य हेतू’चा नियम आला: लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरणे हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे. नसलेला हेतू कसा सिद्ध करायचा? तो नियम १९९७ च्या जूनमध्ये रद्द झाला. आता तिथे हेतूपेक्षा पैसा मोजतात. २०१२ साली तिथल्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न निदान १८,६०० पौंड हवे असे ठरले, आणि एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा २९,००० वर गेला. अमेरिकेतही नवऱ्याला आपले उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट असल्याचे दाखवून हमीपत्र द्यावे लागते. पूर्वी वधुपिता मुलाची ऐपत बघायचा; आता ते काम दोन सरकारे करतात.

नर्सेसच्या घरी गंगा उलटी वाहते. तिथे बायको आधी जाते आणि नवरा तिच्या व्हिसावर मागून. मिरजेच्या एका तरुणाचे कागद मी लावून दिले. फॉर्ममध्ये ‘अवलंबित’ या शब्दापाशी तो बराच वेळ थांबला. त्याची आई म्हणाली, “लिही रे, खोटं काय आहे त्यात?” नर्सला नवरा नेता येतो, पण वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्कर म्हणून गेलेल्यांना ११ मार्च २०२४ पासून इंग्लंडने जोडीदार आणायला बंदी केली. त्या नोकऱ्यांसाठी एजंटाला पैसे भरताना हे कुणी सांगितले नव्हते, असे म्हणत एक जोडपे माझ्याकडे आले होते. त्यांना माझ्याकडून काही होण्यासारखे नव्हते.

नाव बदलण्याविषयी विचारायला येणाऱ्यांना मी एकच सांगतो: तांदळात हवे ते लिहा, पासपोर्टाला हात लावू नका. लग्नानंतर पासपोर्टावरचे नाव बदललेच पाहिजे असे नाही, हे २०१७ साली खुद्द पंतप्रधानांनी जाहीर भाषणात सांगितले. तरी सासरच्यांना ते रुचत नाही. ‘आमचं नाव लावायची लाज वाटते का?’ इथपर्यंत गोष्ट जाते. दुसरे असे, की मूळ कागद मुलीच्या ताब्यात असू द्यावेत. अमेरिकेत पोचताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर तिला कार्ड मिळते तेही दोनच वर्षांचे, सशर्त. पुढे ते पक्के करायचा अर्ज साधारणपणे दोघांनी मिळून करायचा असतो. नवरा बरा असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर ‘सही करणार नाही’ या धमकीवर मुली वर्षानुवर्षे गप्प बसतात. छळ होत असेल तर नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीला अर्ज करता येतो, ही सवलत त्या कायद्यात आहे; ती विमानात बसण्यापूर्वी मुलीला ठाऊक असावी. आपल्याकडे राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. हे सांगितले की वधुपिते माझ्याकडे अशुभ बोलल्यासारखे पाहतात. पाहोत बापडे.

पुतणी सप्टेंबर २०२३ मध्ये गेली, लग्नानंतर एकवीस महिन्यांनी. तिचेही कार्ड दोन वर्षांचेच. २०२५ च्या पावसाळ्यात कार्ड पक्के करण्याचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तिचा फोन आला, “अण्णाकाका, या वेळी लग्नाचे फोटो चालत नाहीत. दोघं एकत्र राहतो त्याचे कागद हवेत. घराचा करार, बँकेचं खातं, विजेची बिलं.” मी म्हटले, “मग लाव की. वीजबिलावर दोघांची नावं आहेत ना?”

“आहेत,” ती म्हणाली, “पण माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.”