सायकल घेताना

कॉलेजपर्यंत ९ किलोमीटर डांबरी सडक, थोडा तुकडा मुरमाचा. अण्णा म्हणाले, "कांद्याची पट्टी आली की सायकल घे, पण एकदाच." मैत्रिणींचा आग्रह शॉकअपवाल्या जाड टायरच्या सायकलीचा. दिसते झोकदार! पण जोर लावला की पुढची स्प्रिंग दबते, खडबडीत टायर डांबराला घासतो, आणि दम आपला जातो. शर्यतीच्या सायकलीचे बारीक टायर मुरमात रुततात. बहुतेकींना कॅरिअरही बसत नाही. म्हणून मी मधली पसंत केली: साधा ताठ चिमटा, ७००×३५ चे टायर, मडगार्ड, कॅरिअर. गिअर नाहीत, सपाटीला अडत नाही, चढाला उतरून चालते. मात्र या मापाची ट्यूब तालुक्याला मिळते का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. गावातल्या पंक्चरवाल्याकडे बहुधा २८×१½ चीच असते.