पाच बटणांची गिटार

तारा नाहीत, लाकडी पोट नाही, आणि छेडली तर 'खट्' असा कोरडा आवाज. अशी एक प्लॅस्टिकची गिटार घेऊन दिवाणखान्यात टीव्हीसमोर उभ्या राहणाऱ्या मुलांना पाहिलं, की घरातल्या मोठ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, ''त्यापेक्षा खरी गिटार का शिकत नाहीस?'' प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं, तर आधी हा खेळ चालतो कसा हे समजून घ्यायला हवं.

'गिटार हीरो' हा यातला सर्वांत गाजलेला खेळ. नोव्हेंबर २००५मध्ये तो अमेरिकेत प्लेस्टेशन-२साठी बाजारात आला. गिटारच्या आकाराचं खेळणं त्याआधीही होतं. जपानच्या कोनामी कंपनीचा तीन बटणांचा 'गिटारफ्रीक्स' १९९९च्या सुमारास तिथल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये लोकप्रिय झाला होता. 'गिटार हीरो' तयार केला हार्मोनिक्स या कंपनीनं. एमआयटीत शिकलेल्या ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरान एगोझी यांनी १९९५मध्ये ती स्थापन केली. ज्यांना वाद्य येत नाही, त्यांनाही वाजवण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा ध्यास होता. गिटार बनवून खेळ बाजारात आणला, तो रेडऑक्टेननं. नाचाच्या व्हिडिओ गेमसाठी पायाखालच्या चटया बनवणारी ही कंपनी.

या गिटारीच्या दांडीवर पाच बटणं असतात : हिरवं, लाल, पिवळं, निळं आणि केशरी. तारांच्या जागी वर-खाली हलणारी एक पट्टी असते. पडद्यावर एक रस्ता आपल्याकडे सरकत येतो आणि त्यावरून रंगीत चकत्या येतात. चकती खालच्या रेषेवर पोहोचली, की डाव्या हातानं त्या रंगाचं बटण दाबून धरायचं आणि त्याच क्षणी उजव्या हातानं पट्टी छेडायची. दोन चकत्या शेजारी शेजारी आल्या, तर दोन बटणं एकदम. चकतीला लांब शेपूट असेल, तर ती संपेपर्यंत बोट उचलायचं नाही. सोप्या पातळीवर तीनच बटणं लागतात, मधल्या पातळीवर चार आणि त्यापुढे पाचही. मग नाजूक करंगळीची खरी परीक्षा सुरू होते.

यातली गंमत पुढे आहे. गाणं आधीच ध्वनिमुद्रित असतं, पण त्यातली गिटार बाकीच्या वाद्यांपासून वेगळी ठेवलेली असते. तुम्ही अचूक छेडलंत तर ती ऐकू येते. चुकलात, की ती गप्प होते. गायक गात राहतो, ड्रम वाजत राहतो, फक्त तुमची जागा रिकामी पडते. म्हणजे खेळणारा सूर निर्माण करत नाही, तो फक्त सूर थांबू देत नाही. चुका फार झाल्या, तर पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो करतात आणि गाणं मध्येच बंद पडतं.

नवखा माणूस डोळ्यांनी खेळतो. चकती दिसली की धावतो आणि हमखास उशिरा पोहोचतो. चार-आठ दिवसांनी त्याचा पाय आपोआप ठेका धरू लागतो. चकत्या वाटेल तशा येत नाहीत, त्या तालात बसवलेल्या आहेत, हे कानाला कळतं. आपल्या मैफलीत मांडीवर हात ठेवून ताल धरणारा श्रोता सम यायच्या आधीच तिची वाट पाहत असतो. जवळपास तसंच हे आहे.

कधी कधी मात्र दोष खेळणाऱ्याचा नसतो. पूर्वीचे काचेच्या ट्यूबचे टीव्ही चित्र जवळजवळ तत्काळ दाखवत. आजचे सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतात, आणि त्यात क्षणाचा काही भाग जातो. चित्र आणि आवाज यांत असं अंतर पडलं, की चांगला तालही चुकीचा ठरतो. म्हणून यातल्या बहुतेक खेळांत हे अंतर जुळवून घेण्याची सोय असते. ती खेळाआधी वापरावी.

२००७मध्ये आलेल्या तिसऱ्या 'गिटार हीरो'ची विक्री पुढे १ अब्ज डॉलरपलीकडे गेली. त्याच वर्षी ड्रम आणि माइकसह 'रॉक बँड' आला. २००९मध्ये बीटल्सच्या गाण्यांचा स्वतंत्र खेळ निघाला. पण दर वर्षी नवे खेळ, मोठमोठी खोकी आणि तीच ती बटणं, याला लोक कंटाळले. फेब्रुवारी २०११मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीनं 'गिटार हीरो'चा विभाग बंद केला. तरीही जुन्या गिटारी जपून खेळणारे हौशी लोक आजही आहेत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. या खेळानं गिटार येते का? नाही. खऱ्या गिटारीला सहा तारा असतात, त्या जुळवाव्या लागतात, बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. इथलं हिरवं बटण एका गाण्यात एक सूर, तर दुसऱ्यात दुसराच. 'रॉक बँड'चा ड्रम त्या मानानं खऱ्याच्या बराच जवळचा, कारण तिथे हात आणि पाय खरोखर वेगवेगळ्या ठेक्यांत चालवावे लागतात. खरी गिटारच जोडून खेळायचा 'रॉकस्मिथ' हा खेळही २०११मध्ये आला.

पण या पाच बटणांनी एक गोष्ट नक्की मिळते. एरवी गाणं आपल्या कानावर एकसंध येतं. गिटार कुठली, बेस कुठला, ड्रम कुठे थांबला, हे आपण वेगळं ऐकत नाही. आपल्या चुकीनं एक वाद्य गप्प झालं, की त्या वाद्याचं काम पहिल्यांदा कळतं. ही ऐकण्याची सवय खेळ बंद केल्यावरही राहते.

तेव्हा घरात कुणी ही गिटार घेऊन बसलं असेल, तर रागावण्याआधी एक करून पाहा. त्याचं आवडतं गाणं खेळाशिवाय लावा आणि विचारा, ''यातली गिटार नेमकी कुठे वाजतेय, सांग बरं?'' त्यानं बरोबर सांगितलं, तर जवळच्या गिटारच्या वर्गाची चौकशी करायला हरकत नाही.