किलोभराचा उपग्रह आणि आपल्या घरची मुलं



इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं-मुली आज आपल्या बऱ्याच सभासदांच्या घरी आहेत. चार-पाच जणांचा गट करायचा, एक ‘प्रोजेक्ट’ करून परीक्षकांना दाखवायचा, मग पदवी. आई-बापांना त्यातलं एवढंच कळतं, की प्रोजेक्टला पैसे लागतात. शहरात तो तयारही विकत मिळतो, हे आता गुपित राहिलेलं नाही. म्हणूनच या अंकात आम्ही दोन अस्सल प्रोजेक्टांची हकीकत देत आहोत. दोन्ही आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

पहिला पुण्याचा. १८५४ साली सुरू झालेल्या तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात २००८ साली विद्यार्थ्यांनी उपग्रह करायचं मनावर घेतलं. नाव ठेवलं ‘स्वयम्’. वजन सुमारे एक किलो, म्हणजे साखरेच्या एका पुड्याइतकं! काम टपाल्याचं: एका ठिकाणाहून रेडिओने पाठवलेला निरोप जवळ ठेवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तिथे द्यायचा.

आता अडचण अशी, की आकाशात सोडलेली वस्तू गरगर फिरते आणि तिचं तोंड भलतीकडे जातं. मोठ्या उपग्रहांत ते वळवायला यंत्रं असतात. किलोभराच्या डब्यात ती कुठे मावणार? पोरांनी लोहचुंबक बसवलं. पृथ्वी हेच एक मोठं चुंबक, त्यामुळे होकायंत्राच्या सुईसारखा उपग्रह आपोआप दिशा धरतो. या कामाला वीज मुळीच खर्च होत नाही. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ या रॉकेटाने एकाच वेळी वीस उपग्रह नेले, त्यांत ‘स्वयम्’ होता.

दुसरा मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘प्रथम’. सुरुवात २००७ साली, वजन सुमारे दहा किलो. वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजणं हे त्याचं काम. त्या थरातून येताना रेडिओ संदेशांत फरक पडतो आणि जीपीएसने दाखवलेली जागा थोडी चुकते, म्हणून ही मोजणी. २६ सप्टेंबर २०१६ रोजी तोही आकाशात गेला.

आता सभासदांनी हिशेब करावा. पदवीची वर्षं चार, प्रोजेक्ट चालला आठ-नऊ वर्षं. म्हणजे ज्यांनी पाया घातला ते केव्हाच नोकरीला लागले होते. लागण एकाने केली, खोडवा दुसऱ्याने राखला, तोडणीला तिसराच! मागच्यांनी नीट लिहून ठेवलं आणि समजावून दिलं, तरच पुढच्यांना काम हाती घेता येतं. शिवाय वर गेलेल्या उपग्रहाला पाना लावायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून थरथराट, उष्णता, थंडी, सगळी परीक्षा खालीच घ्यावी लागते. विकतच्या प्रोजेक्टात नेमकं हेच शिक्षण मिळत नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या पोरांनी उपग्रहच करावा, असं आमचं म्हणणं नाही. प्रश्न आपल्या बांधावरच पडले आहेत. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळावा तितका साखर उतारा घसरतो. मग गाड्यांची रांग कमी कशी करायची? रात्रीच्या विजेवर मोटार चालू झाली की नाही, हे घरबसल्या कसं कळेल? सातपुड्याच्या पाड्यावर फोनला रेंज नसेल, तिथून निरोप कसा येईल?

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. मुलाने प्रोजेक्टला पैसे मागितले तर द्या, पण आधी विचारा, “बेटा, यातलं तू स्वतः काय केलंस?” आणि पोरं मोजमापाला शेतात आली तर त्यांना हाकलू नका. यंत्र पहिल्या वर्षी बिघडेल. बिघडू द्या. ते कुठे बिघडलं हे वहीत लिहून घ्या, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या पोरांच्या हातात द्या.